खोडरबर न चालणारे कागद

सातबाऱ्यावर नाव चुकलं की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांना वेगळं सांगावं लागत नाही. आजोबांचं नाव दत्तात्रय, उताऱ्यावर दत्तू. नाहीतर संगणकीकरणाच्या वेळी दशांश चिन्ह एक घर सरकलेलं. चूक उघड्या डोळ्यांना दिसते, साऱ्या गावाला ठाऊक असते, तरी तलाठी ती जागच्या जागी पुसून देऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली हा ‘लेखनप्रमाद’ असल्याचं ठरावं लागतं, महसूल अधिकाऱ्याचा आदेश निघावा लागतो, मग फेरफार पडतो. जुनी नोंद नाहीशी होत नाही. तिला कंस होतो आणि दुरुस्त नोंद तिच्या शेजारी येते. या दिरंगाईवर लोक चिडतात आणि चिडायला कारणही असतं. पण पुसायला मनाई का, हे समजून घेण्यासारखं आहे. समुद्रापलीकडे जाणाऱ्या मालाच्या कागदांनाही हाच नियम लागतो.

आपल्या १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात लेखनप्रमादाचं कलम आहे १५४. आकडा योगायोगाने शेजारचा आहे, तत्त्वही शेजारचंच. कस्टम्सच्या एखाद्या आदेशात लिहिण्याची किंवा बेरीज-वजाबाकीची चूक झाली, नजरचुकीने काही राहून गेलं, तर ते केव्हाही दुरुस्त करता येतं. व्यापाऱ्याने स्वतः दाखल केलेल्या कागदात बदल हवा असेल तर त्यासाठी कलम १४९ आहे. फरक एवढाच की सातबाऱ्याची जमीन जागची हलत नाही. इथे मात्र तुम्ही दुरुस्तीचा अर्ज लिहीत असता तेव्हा माल पुढे निघालेला असतो आणि चुकीचा कागद त्याच्याही पुढे.

नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण घेऊ. पिंपळगावच्या एखाद्या पॅकहाउसमधून रॉटरडॅमला एक रीफर कंटेनर निघाला आहे, असं धरू. आत पाच-पाच किलोच्या २,६४० पेट्या, म्हणजे १३,२०० किलो द्राक्षं, शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीत. या एका डब्यामागे कागदांचं मोठं लटांबर असतं. आधी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. त्यांवरून कस्टम्सचं शिपिंग बिल. त्यावरून जहाज कंपनीला दिलेल्या सूचना आणि तिने काढलेलं बिल ऑफ लेडिंग, ज्याला या धंद्यात सगळे नुसतं ‘बीएल’ म्हणतात. शिवाय कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, मालाच्या मूळ देशाचा दाखला आणि डब्याचं तपासलेलं वजन. यातला जवळजवळ प्रत्येक कागद आधीच्या कागदावरून उतरवलेला असतो. त्यामुळे पॅकिंग लिस्टमध्ये निव्वळ वजनाच्या जागी एकूण वजन पडलं, तर ती चूक एकटी राहत नाही. संध्याकाळपर्यंत ती सहा कागदांवर पोचते. चूक सापडल्यावर धावत जाऊन फक्त बीएल दुरुस्त करून आणणारे लोक म्हणूनच पुन्हा अडकतात. बीएलवर आता बरोबर आकडा असतो आणि शिपिंग बिलावर जुनाच. दोन कागदांत एकच चूक असण्यापेक्षा त्यांच्यात तफावत असणं अधिक लवकर नजरेत येतं, आणि संशयही तिथेच सुरू होतो. दुरुस्ती नेहमी उगमापासून करत यावी लागते.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती कोणती? माल दाराबाहेर पडण्यापूर्वीची. शिपिंग बिल संगणकावर चढवण्याआधी कस्टम्स ब्रोकर एक चेकलिस्ट पाठवतो. निर्यातदाराने ती वाचून ‘ओके’ म्हणायचं असतं. जहाज कंपनीही बीएलचा मसुदा पाठवते आणि अमुक वाजेपर्यंत दुरुस्त्या कळवा म्हणते. या दोन क्षणी अक्षर बदलायला जवळपास काहीच पडत नाही. आणि नेमक्या याच दोन क्षणी कोणी वाचत नाही. रात्री साडेनऊला फोनवर पीडीएफ येते, मालक लग्नाच्या हॉलमध्ये असतो, अंगठ्याने वर-खाली सरकवून ‘ओके’ लिहून टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की हा मसुदा दोघांनी मिळून वाचावा. एकाने मूळ इनव्हॉइस मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यावर बोट फिरवायचं. आपण लिहिलेलं आपणच तपासताना डोळा कागद न वाचता मनातलंच वाचतो. जुन्या पेढ्यांवर खतावणी अशीच जुळवत असत.

काही चुका पकडायला मात्र कागदातच सोय केलेली असते, आणि तिची रचना फार सुंदर आहे. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाच्या सांकेतिक नावाची, चौथं डब्याच्या प्रकाराचं, पुढचे सहा आकडे डब्याचा क्रमांक. चौकटीत वेगळा लिहिलेला शेवटचा आकडा हा या सगळ्याचा राखणदार. ‘आयएसओ ६३४६’ या मानकात तो कसा काढायचा ते दिलं आहे. प्रत्येक अक्षराला एक किंमत: ए म्हणजे १०, मग बी १२, सी १३ असं पुढे, मात्र ११च्या पटीतले आकडे वगळून. मग पहिल्या स्थानाला १ने गुणायचं, दुसऱ्याला २ने, तिसऱ्याला ४ने, असं दर घरी दुप्पट करत दहाव्या स्थानाला ५१२ने. सगळ्याची बेरीज करून ११ने भागलं की उरलेली बाकी हा राखणदार आकडा.

सीएसक्यूयू ३०५४३८ हा क्रमांक घ्या. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८ आणि ३२. गुणाकार करून बेरीज येते ६,१८५. अकराने भागून बाकी ३, म्हणून चौकटीत ३. आता कोणी टंकताना मधल्या ५४चे ४५ केले, तर बेरीज होते ६,२४९ आणि बाकी येते १. चौकटीतल्या तिनाशी ती जुळत नाही आणि संगणक तिथेच थांबतो. आकड्यांची अदलाबदल ही माणसाच्या हातून होणारी नेहमीची चूक, म्हणूनच प्रत्येक घराचं वजन वेगळं ठेवलं आहे. नुसती साधी बेरीज असती तर ५४ आणि ४५ सारखेच ठरले असते. या युक्तीतही एक फट आहे. बाकी १० आली तर आकडा ० धरतात, त्यामुळे काही चुका तिथून निसटतात. असे क्रमांक शक्यतो वापरूच नयेत, असं मानकच सुचवतं.

वजनाच्या आकड्याला असा राखणदार नाही, आणि तिथली चूक माणसांच्या जिवाशी खेळते. जानेवारी २००७मध्ये इंग्लिश खाडीतल्या वादळात ‘एमएससी नापोली’ या जहाजाचा सांगाडा तडकला. सगळे २६ खलाशी वाचले. जहाज इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यालगत मुद्दाम उथळ पाण्यात टेकवलं गेलं. नंतर डेकवरचे सुमारे ६६० डबे तोलले, तेव्हा त्यांतल्या १३७ डब्यांचं खरं वजन कागदावरच्या वजनापेक्षा ३ टनांहून जास्त फरकाने चुकलेलं निघालं. एका डब्यात तर २० टनांचा फरक. जहाज मोडण्याचं मुख्य कारण सांगाड्याच्या रचनेतली कमजोरी होतं. पण कोणता डबा कुठे ठेवायचा हे ठरवताना हातातला कागद खोटं बोलत होता, हेही चौकशीत पुढे आलं. १ जुलै २०१६पासून, तपासलेलं एकूण वजन कळवल्याशिवाय भरलेला डबा जहाजावर घ्यायचा नाही, असा नियम जगभर लागू झाला, त्यामागे असेच अनुभव होते. ‘अंदाजे टाका हो’ म्हणणाऱ्यांनी नापोलीची चित्रं एकदा बघावीत.

आता डबा न्हावाशेव्याला पोचला, कस्टम्सचा ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ मिळाला, जहाज सुटलं. इथून पुढे प्रत्येक अक्षर महाग होतं. बीएल हा साधा पावतीचा कागद नसतो. तो मालावरच्या हक्काचाही कागद असतो. बहुधा तो तीन मूळ प्रतींत निघतो आणि तिन्हींतली कोणतीही एक दाखवून पलीकडे माल सोडवून घेता येतो. म्हणूनच दुरुस्ती हवी असेल तर जहाज कंपनी तिन्ही मूळ प्रती परत मागते. एक प्रत बँकेत, एक कुरिअरमध्ये, असं झालं की ती दुसरा बीएल काढत नाही. कंपनी अडवणूक करते असं व्यापाऱ्याला वाटतं, पण एकाच मालावर हक्क सांगणारे दोन वेगळे कागद बाजारात फिरू लागले तर काय होईल, याचा विचार तिला करावाच लागतो. शिवाय युरोपात जाणाऱ्या डब्याचा तपशील, माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधीच तिथल्या कस्टम्सकडे गेलेला असतो. बीएल बदलला की ती नोंदही बदलावी लागते.

दुरुस्ती आणि लबाडी यांच्यातली रेघही इथेच आहे. लंडनच्या न्यायालयात १९५७ साली निकाली निघालेलं एक प्रकरण यासाठी नेहमी सांगतात. संत्र्याच्या घट्ट रसाची १०० पिंपं हॅम्बुर्गला जायची होती. पिंपं जुनी होती, काही गळत होती. तसं बीएलवर लिहिलं असतं तर बँकेने पैसे दिले नसते. माल पाठवणाऱ्याने जहाजवाल्याला सांगितलं, तुम्ही ‘पिंपं उत्तम स्थितीत’ असं लिहा, उद्या काही झालं तर भरपाई मी देईन. तसं हमीपत्र लिहूनही दिलं. पलीकडे नुकसानभरपाई द्यावी लागली तेव्हा जहाजवाल्याने हमीपत्र पुढे केलं. न्यायालयाने ते उचलूनच धरलं नाही. खोटं ठाऊक असून लिहिलेल्या कागदामागचं हमीपत्र कायदा राबवणार नाही, असा निकाल झाला. माल चढवल्याची तारीख दोन दिवस मागे घ्या, अशी विनंती आजही सहज केली जाते, ‘करेक्शन’ या गोंडस नावाखाली. ती दुरुस्ती नव्हे. दुरुस्ती म्हणजे कागद वस्तुस्थितीजवळ आणणं. तारीख मागे घेतल्याने तो वस्तुस्थितीपासून लांब जातो.

यानंतरचा मुक्काम बँक. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद आले तर पैसे देऊ या बँकेच्या हमीपत्रावर, व्यवहार असेल तर बँक माल बघत नाही, कागद बघते. जगभरच्या बँका यासाठी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे नियम पाळतात. आजची आवृत्ती ‘यूसीपी ६००’, १ जुलै २००७पासूनची. बँका इतक्या काटेकोर का, हे समजायला तीन जुन्या कज्ज्यांसारखं दुसरं साधन नाही.

पहिला कज्जा व्हॅनिलाचा. १९२०च्या दशकात लंडनच्या एका व्यापाऱ्याने बटाविया, म्हणजे आजच्या जकार्तातून व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. पैसे द्यायची अट अशी होती की दर्जाचा दाखला तज्ज्ञांनी द्यावा, अनेकवचनी. हा निरोप सांकेतिक तारेने गेला आणि त्या संकेतात एकवचन आणि अनेकवचन यांना खूण एकच होती. तिकडे तार उलगडणाऱ्याने ‘तज्ज्ञाने’ असं वाचलं. दाखला एकाच माणसाचा आला, बँकेने पैसे दिले आणि पेट्यांत निघाले बहुतांशी काड्या, दगड आणि मोडकं लोखंड. १९२७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बँकेला ते पैसे ग्राहकाकडून वसूल करू दिले नाहीत. साधारण तसाच असलेला किंवा तेवढंच काम भागवणारा कागद इथे चालत नाही, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. मराठीत नुसत्या एका अनुस्वाराचा आणि एका मात्रेचा फरक, ‘तज्ज्ञाने’ आणि ‘तज्ज्ञांनी’.

दुसरा कज्जा आपल्याच किनाऱ्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पूर्व किनाऱ्यावरचा शेंगदाणा युरोपला जात होता. बँकेच्या पत्रात मालाचं वर्णन होतं ‘कोरोमंडल शेंगदाणे’. बीएलवर मात्र ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’ असं लिहून आलं. व्यापारातल्या कोणालाही विचारा, दोन्ही एकच. तसा पुरावाही न्यायालयात दिला गेला. तरी बँकेने नाकारलं ते योग्यच, असा निकाल लागला. शेंगदाण्याच्या बाजाराची बोली बँकेच्या कारकुनाला यावी, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

तिसरा अमेरिकेतला, १९८५चा. माल पोचल्याची सूचना ज्याला द्यायची त्याचं नाव पत्रात होतं सोफान, बीएलवर उमटलं सोरान. एक अक्षर. बँकेचा नकार न्यायालयाने ग्राह्य धरला, कारण स्मिथचं स्मिथ्थ झालं तर कळतं, पण परक्या नावात चूक कोणती आणि वेगळा माणूस कोणता, हे कागद बघून सांगता येत नाही. आपण मराठी लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. ‘श्री’ने सुरू होणाऱ्या आपल्या कितीतरी संस्थांची इंग्रजी स्पेलिंगं तीन-तीन तऱ्हेची असतात. पॅनवर एक, बँकेत दुसरं, लेटरहेडवर तिसरं. देवनागरीत ते एकच नाव असतं, परक्या बँकेला त्या तीन संस्था दिसतात.

बँकाही अगदीच निर्दय नाहीत. याच व्यापार मंडळाने बँकांच्या प्रचलित पद्धतीचं जे मार्गदर्शक काढलं आहे, त्यात म्हटलं आहे की अर्थ न बदलणारी टंकनाची चूक दोष धरू नये. ‘मशीन’च्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर चुकलं तर चालेल. मात्र मॉडेल १२३च्या जागी मॉडेल ३२१ चालणार नाही, कारण ती वेगळी वस्तू असू शकते. हा निकष मला फार शहाणपणाचा वाटतो. वाचणाऱ्याला चूक ही चूक म्हणून ओळखता येते का, एवढंच तो विचारतो.

आणि बँकेत दुरुस्तीची खरी किल्ली असते वेळ. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस मिळतात. नाकारायचे तर सगळे दोष एकाच सूचनेत सांगावे लागतात. वेगळी मुदत नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत, आणि क्रेडिटची मुदत संपण्याआधी, कागद सादर व्हायला हवेत. जो निर्यातदार चौथ्या दिवशी कागद देतो, त्याला दोष कळल्यावर नवे कागद आणून पुन्हा सादर करायला सवड उरते. विसाव्या दिवशी देणाऱ्याला तीच चूक दुरुस्त करायला वावच राहत नाही. मग तो खरेदीदाराच्या मर्जीवर. बाजारभाव पडलेला असेल तर खरेदीदाराला त्या एका अक्षरात सूट मागायची संधी दिसते.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची गोष्ट आणखी कडक. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या मानकानुसार, त्यावर अधिकाऱ्याने प्रमाणित न केलेली कोणतीही खाडाखोड आढळली की प्रमाणपत्रच बाद. पेट्यांचा आकडा २,६४० आहे आणि टंकला २,४६०, तर पेनाने नीट करून द्यायचा मोह होतो. तेवढ्यानेच पूर्ण डबा अडकू शकतो. ज्या अधिकाऱ्याने दिलं त्याच्याकडेच परत जायचं. आसियान देशांसोबतच्या करारातल्या मूळ देशाच्या दाखल्याचा नियम तर सातबाऱ्यातून उचलल्यासारखा आहे. खोडायचं नाही, वरून गिरवायचं नाही. चुकीच्या मजकुरावर रेघ मारायची, बरोबर मजकूर लिहायचा आणि सहीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने त्याला मंजुरी द्यायची. जुनं वाचता आलं पाहिजे, नवंही वाचता आलं पाहिजे, आणि बदल कोणी केला तेही.

वस्तूच्या वर्गवारीचा आकडा हा चुकांचा आणखी एक मोठा कारखाना. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सहा आकडी पद्धत १९८८पासून चालू आहे. आपल्याकडे त्याला आणखी दोन आकडे जोडून आठ करतात. ताजी द्राक्षं ०८०६ १०, सुकवलेली म्हणजे बेदाणे-मनुका ०८०६ २०. नाशिकची द्राक्षं आणि तासगावचे बेदाणे यांच्यात कागदावर एका आकड्याचं अंतर. तो चुकला की कराचा दर, सवलत, लागणारी प्रमाणपत्रं, सगळंच बदलतं. परदेशातल्या लेकीला फराळ पाठवणाऱ्या घरांनाही याची झळ लागते. पोस्टाच्या कस्टम्स फॉर्मवर आत काय आहे, किती आहे, वजन आणि किंमत किती, हे वेगवेगळं विचारलेलं असतं. ‘भेटवस्तू’ एवढंच लिहिलं की तिकडचा अधिकारी डबा उघडणार. भेट हे पाठवण्याचं कारण झालं. आत चकली आहे.

आता पुन्हा कलम १४९कडे. माल बाहेर गेल्यावर किंवा आयात केलेला माल सोडवल्यावरही शिपिंग बिल आणि बिल ऑफ एंट्री यांत दुरुस्ती मागता येते, मात्र एका अटीवर. आधार म्हणून दाखवायचा कागद, माल सुटला किंवा गेला त्या वेळी अस्तित्वात असलेला हवा. या एका वाक्यात सगळा विवेक आहे. आज बसून तयार केलेलं पत्र, आज खरेदीदाराकडून मागवलेला खुलासा, याला इथे किंमत नाही. त्या दिवशीचा करार, त्या दिवशीची ऑर्डर, त्या दिवशीची ईमेल दाखवा. म्हणून जुन्या फायली जपणं ही नुसती शिस्त राहत नाही. उद्या लागणारा तोच एकमेव साक्षीदार असतो. निर्यातीला प्रोत्साहन देणाऱ्या ‘एमईआयएस’ योजनेत शिपिंग बिलावर ‘वाय’ लिहायच्या जागी ‘एन’ राहिल्याने लाभ नाकारला गेलेले अनेक निर्यातदार उच्च न्यायालयांपर्यंत गेले. एका अक्षरासाठी वर्षानुवर्षं.

संगणक आल्यावर चुका कमी झाल्या की वाढल्या, असं कोणी विचारलं तर मी २०१७ साल दाखवेन. १ जुलैला जीएसटी आला आणि निर्यातीवर भरलेला आयजीएसटी परत मिळण्यासाठी शिपिंग बिलातला इनव्हॉइस क्रमांक जीएसटीच्या विवरणपत्रातल्या क्रमांकाशी जुळणं आवश्यक झालं. अनेकांकडे दोन इनव्हॉइस असत, एक परदेशी खरेदीदारासाठी आणि एक करासाठी. दोन्हींचे क्रमांक वेगळे. कोणाच्या क्रमांकातला तिरपा दंड इकडे होता, तिकडे नव्हता. माणसाने हसून सोडून दिलं असतं असं हे अंतर, पण यंत्राने ‘एसबी००५’ असा शेरा मारला आणि परतावा थांबवला. देशभरातल्या लहान निर्यातदारांचं खेळतं भांडवल असं गोठलं. विवरणपत्रातली चूक तिथल्या ९ए तक्त्यात सुधारता येत होती, पण चूक शिपिंग बिलाच्या बाजूची असेल तर जहाज सुटून त्याची यादी कस्टम्सकडे गेल्यावर बिलाला हात लावता येत नव्हता. शेवटी २३ फेब्रुवारी २०१८च्या परिपत्रकाने वाट काढली. निर्यातदाराने जुळणीचा तक्ता द्यायचा: शिपिंग बिलावरचा हा क्रमांक म्हणजे जीएसटीतला तो क्रमांक. अधिकाऱ्याने डोळ्यांनी तपासून परतावा मोकळा करायचा. त्या मार्चमध्ये परताव्यांसाठी खास पंधरवडा पाळला गेला. मूळ दोन्ही नोंदी जशा होत्या तशाच राहिल्या, त्यांच्यामध्ये एक पूल बांधला गेला. यंत्राच्या अडवणुकीवर इतकं साधं, सातबाऱ्यातल्या कंसाच्या जातीचं उत्तर सापडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ते सापडायला सात-आठ महिने का लागावेत, याचं दुःखही तेवढंच आहे.

आयातदाराची चूक बहुधा उलट बाजूची असते, कर कमी किंवा जास्त भरल्याची. २०११पासून आयातदार आपला कर स्वतःच ठरवून भरतो. कर कमी पडल्याचं स्वतःच्या लक्षात आलं आणि त्यात लबाडी नसेल, तर नोटीस येण्याआधी फरक व्याजासह भरला की दंड लागत नाही. जास्त भरला गेला असेल तर मात्र वाट बिकट झाली होती. १८ सप्टेंबर २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी कंपनीच्या प्रकरणात म्हटलं की स्वतः केलेली आकारणी हीसुद्धा आकारणीच. ती आधी रीतसर बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येणार नाही. मग स्वतःच्याच आकारणीविरुद्ध अपील करायचं का? व्यापारी गोंधळले. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अपील हा एकच रस्ता नाही, १४९ आणि १५४ ही कलमंही त्यासाठीच आहेत.

२०२५च्या वित्त कायद्याने सीमाशुल्क कायद्यात कलम १८ए घातलं. माल सुटल्यानंतरही आयातदार किंवा निर्यातदाराने स्वतःहून आपली नोंद सुधारायची, कराचा फरक स्वतः काढायचा, कमी असेल तर व्याजासह भरायचा, जास्त असेल तर तीच नोंद परताव्याचा अर्ज समजली जाते. नजरचूक कबूल करणाऱ्याला इतका सरळ दरवाजा या कायद्यात पूर्वी नव्हता. तो बंद कधी होतो, तेही लिहून ठेवलं आहे: लेखापरीक्षण, झडती, जप्ती किंवा समन्स सुरू होऊन तसं कळवलं गेलं की मग हा मार्ग मिळत नाही. तोवर चूक आयातदाराच्या हातात असते, आणि ती त्याला स्वतः उलगडून मांडता येते.